सहाचे तीन

शरच्चंद्र सरांच्या ऑफिसात एक नियम होता आणि त्या नियमापायी तीस वर्षांत निदान चार जण नोकरी सोडून गेले होते. इमारतीचं गणित दोघांनी करायचं, एकानं पांढऱ्या कागदावर आणि दुसऱ्यानं पिवळ्या. एकमेकांचा डबा खाल्ला तरी चालेल, कागद बघायचा नाही. मग दोन्ही पानं सरांच्या टेबलावर शेजारी ठेवायची. आकडे जुळले तर सही, नाही जुळले तर दोघांनीही पहिल्यापासून. पुढं कॉम्प्युटर आला तेव्हा पांढरं पान कॉम्प्युटरचं झालं, पिवळं मात्र हातानंच राहिलं. बेळगावातल्या बाकीच्या इंजिनिअर मंडळींना या प्रकाराची भारी गंमत वाटायची. सरांनी काढलेली एकही इमारत कधी तडकली नव्हती, पण त्याचं कौतुक करायला कुणाला वेळ होता?

भीमरत्न मात्र टिकला. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून, ती धूळ छातीत भरून घेऊन शेवंताबाईनं त्याला इंजिनिअर केलं होतं. असा माणूस पिवळ्या कागदाला कंटाळून पळून जात नाही. पंधरा वर्षांत तो सरांचा भागीदार झाला, टिळकवाडीतल्या ऑफिसच्या पाटीवर त्याचं नाव आलं, आणि त्याच्या पिवळ्या पानावरचं बारीक, तिरकं हस्ताक्षर बघितलं की सर निम्मी तपासणी सोडून द्यायचे. एवढा विश्वास कुणी कुणावर टाकू नये, असं आता वाटतं.

मागच्या वर्षी जुलैत ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बंद पडला. सर, भीमरत्न आणि सरांचा पुतण्या श्रेयस असे तिघं कॅम्पातल्या सौरवच्या दुकानी गेले. सौरवनं दोन मशीन दाखवली. एक वर्कस्टेशन, पण ते फक्त चित्रात, कारण ते बेंगळूरहून मागवावं लागणार होतं आणि यायला सहा आठवडे लागणार होते. दुसरं नेहमीचा डेस्कटॉप, तिथंच टेबलावर चालू असलेला, एका बाजूला काच, आत निळे दिवे. श्रेयस त्या दिव्यांकडं बघतच राहिला. वेगाला डेस्कटॉपच सरस आहे, सौरवनं सांगितलं. मग वर्कस्टेशनमध्ये एवढं काय ठेवलंय, असं सरांनी विचारलं. सौरव प्रामाणिक माणूस होता, त्यानं दडवलं नाही. मशीनच्या मेमरीत एखादा आकडा कधी कधी आपोआप बदलतो. वर्कस्टेशनची मेमरी ती चूक स्वतःच पकडते आणि दुरुस्त करते, नाहीच जमलं तर काम थांबवते. साध्या मशीनला ते कळत नाही. ते बदललेला आकडाच खरा धरून पुढं जातं.

असं किती वेळा होतं, भीमरत्ननं विचारलं. सौरव हसून म्हणाला की चांगल्या मशीनमध्ये वर्षातून एखाद्या वेळी, झालंच तर.

"आणि त्या एका वेळी मशीनवर आपली कुठली इमारत असेल?" सर म्हणाले.

सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते, ऑफिसचं बघणं त्यांनी भीमरत्नवर सोपवलं होतं, तेव्हा निवडही त्याच्यावरच सोडली. आणि भीमरत्नला घाई होती. निपाणीत त्याच्या वस्तीचा विहार व्हायचा होता. खाली सभागृह आणि वर पोरांसाठी अभ्यासिका. नकाशा दहा दिवसांत कमिटीच्या हातात द्यायचा होता. शेवंताबाईनं दारोदार जाऊन सांगितलं होतं की आमचा भीमा काढनार हाय म्हणून. सहा आठवडे थांब, असं आईला सांगायचं कसं? मशीनमधल्या एका आकड्यासाठी? त्यानं डेस्कटॉप उचलला. सरांनी वाद घातला नाही. पायऱ्या उतरताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले की बाकी काही कर, पिवळं पान सोडू नकोस.

डेस्कटॉप खरंच पळायचा. पूर्वी ज्याला अख्खी दुपार लागायची ते काम चहा गार होण्याआधी समोर यायचं. विहाराचं पांढरं पान तिसऱ्या दिवशी तयार झालं. पिवळं भीमरत्नच्या वाट्याला होतं. शनिवारी दुपारी तो कागद घेऊन बसला, छपराचे दोन बीम हातानं काढले, दोन्ही पांढऱ्या पानाशी तंतोतंत जुळले. मग त्यानं घड्याळाकडं बघितलं. मग मशीनवर जपून ठेवलेली तीच फाईल उघडली आणि उरलेले आकडे आपल्या बारीक, तिरक्या अक्षरात पिवळ्या कागदावर उतरवून काढले. सरांनी दोन्ही पानं खिडकीशी धरली, डोळे बारीक केले, मधल्या बीमवरून बोट फिरवलं. आकडे जुळत होते. न जुळायला काय झालं होतं? त्यांनी सही केली.

त्या दिवशी भीमरत्नला जेवण गेलं नाही. दुसऱ्या कामाच्या वेळी गेलं. तिसऱ्या वेळी श्रेयसनंच विचारलं, "भीमदादा, पिवळा कागद सरळ प्रिंटरमध्येच घालू का?" भीमरत्न त्याच्यावर चिडला, पण नाही म्हणाला नाही. पुढं पिवळी पानं प्रिंटरमधूनच येऊ लागली. सर तेव्हा घरीच असायचे, त्यांना दिसत नव्हतं.

मशीननं इशारे दिले नाहीत असं म्हणता येणार नाही. मार्चच्या उन्हात ते एकदोनदा आपोआप बंद पडलं. श्रेयसच्या मुलीच्या बारशाचा फोटो त्यात टाकला तर निम्मा फोटो राखाडी पट्ट्यांनी भरला. आज उघडलेली फाईल उद्या उघडायची नाही आणि परवा उघडायची. श्रेयस म्हणायचा, मशीनचा मूड नाही. भीमरत्नही हसायचा. कामं भराभर निघत होती, संकेश्वरच्या एका शाळेचा वरचा मजलासुद्धा त्याच मशीनवर आठवड्यात काढून झाला होता, आणि ज्या घोड्यावर आपण बसलोय त्याचे दात मोजायला खाली कोण उतरतो?

एक इशारा मात्र माणसानं दिला होता. विहाराच्या स्लॅबच्या वेळी सळई बांधायला जांबोटीकडचा गुंडू होता. शाळा चौथीपर्यंत, पण तीस वर्षं हातात सळई. भीमरत्न साईटवर गेला तेव्हा गुंडू नकाशा गुडघ्यावर पसरून बसला होता.

"साहेब, कडंच्या बीमास्नी सा-सा सळ्या, अन् मधल्या थोरल्याला पाचच?" तो म्हणाला. "ह्यो तर सगळ्यांत लांब हाय."

कडेच्या बीमांवर भिंतींचं ओझं आहे, मधल्यावर नुसती वाचायची टेबलं, असं भीमरत्ननं उभ्या उभ्या सांगून टाकलं. वर म्हणाला, "दोनदा तपासलंय, गुंडूआण्णा." गुंडूनं मान हलवली आणि पाच सळ्या बांधल्या. परत येताना संकेश्वरच्या आसपास भीमरत्नला आठवलं की नकाशात पुस्तकांची कपाटं आपण मधल्याच ओळीत, पाठीला पाठ लावून काढली आहेत. त्यानं गाडीतला रेडिओ मोठा केला.

विहाराचं उद्घाटन मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला ठरलं, तो गुरुवार आला. सोहळा दहा वाजता होता. निमंत्रणपत्रिकेवर वस्तीच्या रिवाजाप्रमाणं छापलं होतं की हार-फुलं आणू नयेत, प्रत्येकानं अभ्यासिकेसाठी पुस्तकं आणावीत. भीमरत्ननं नकाशाची चौकट करून घेतली होती, आईच्या हातानं ती विहाराला द्यायची होती. आठ वाजता तो निघणार तेवढ्यात सरांचा फोन आला, जाता जाता दोन मिनिटं ये म्हणून.

दिवाळीनंतर सरांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. नवी नजर आलेला म्हातारा माणूस घरात काय करणार? त्यांनी ऑफिसातून जुनी पिवळी पानं मागवून घेतली होती आणि पहाटेपासून ती वाचत बसले होते. आज विहाराचं उद्घाटन म्हणून विहाराचं पान वर घेतलं होतं, कौतुकानं. भीमरत्न आत आला तेव्हा त्यांच्या समोर ते पान होतं आणि शेजारी त्यांनी स्वतः पेन्सिलीनं केलेलं गणित.

"अभ्यासिकेतल्या पुस्तकांचं ओझं चौरस मीटरला तीन किलोन्यूटन धरलंस," ते म्हणाले. "तीन आपण वर्गाला धरतो. पुस्तकांच्या कपाटांना सहा. हे तुला माहीत नाही असं मी मानणार नाही."

भीमरत्न म्हणाला की मी सहाच भरले होते. त्याला पक्कं आठवत होतं. सरांनी पानांसोबत आलेली कागदांची फाईल उलटली, पहिल्या दिवशी मशीनमध्ये आकडे भरून झाल्यावर काढलेला कागद त्यात होता. त्यावर सहाच होते. दुसऱ्या दिवसाच्या कागदावर तीन. मधे कुणी हात लावला नव्हता. फाईल मशीनमध्ये होती आणि मशीननं सहाचे तीन केले होते. मग मशीन त्याच तिनावर बिनचूक चालत राहिलं.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मशीनचं राहू दे. मशीन चुकणार म्हणूनच तर पिवळं पान होतं. हे पान तू हातानं केलंस?"

खोटं बोलायला जागा होती. हातानंच केलं, घाईत तीन धरले, असं म्हटलं असतं तर ती साधी चूक ठरली असती.

"नाही सर," भीमरत्न म्हणाला.

सरांनी पान खाली ठेवलं. त्यांना राग आला असता तर भीमरत्नला बरं वाटलं असतं, पण त्या नव्या स्वच्छ डोळ्यांत नुसती भीती होती. मधल्या बीमला आठ सळ्या हव्या होत्या, ते हळूच म्हणाले. रिकामी इमारत उभी राहील. थोड्या पुस्तकांनी काही होणार नाही. पण वर कपाटं भरलेली, त्यांच्यामधून गर्दी फिरतेय आणि खाली माणसं बसलीत, असं एकदम होता कामा नये.

तसंच एकदम होणार होतं. भीमरत्ननं दारातूनच कमिटीच्या मारुतीरावांना फोन लावला आणि लोकांना आत घेऊ नका म्हणाला. पलीकडं स्पीकर वाजत होता. मारुतीरावांना निम्मंच ऐकू आलं असावं. ते खुशीत होते. पुस्तकांचा पाऊस पडलाय, म्हणाले, कोल्हापुरास्नं टेम्पो भरून आलाय, पोरं वर नेऊन नेऊन दमली. तू ये आधी, मग बोलू. आईला फोन लावला, तो घरीच वाजत राहिला, ती सात वाजताच विहारात जाऊन बसली असणार हे त्याला ठाऊक होतं.

बेळगाव ते निपाणी सव्वा तासाचा रस्ता. निघतानाच त्यानं श्रेयसला सांगितलं होतं की ऑफिसात जा आणि मशीनच्या मेमरीची तपासणी लाव. रस्ताभर तो मनात आकडे करत होता. एका पुस्तकाचं वजन किती, एका कपाटात पुस्तकं किती, टेम्पोत किती मावतात. ज्या गोष्टीचा वस्तीला एवढा अभिमान होता, हार नाही तर पुस्तक, तीच आता तो वजनात मोजत होता आणि त्याला स्वतःची किळस आली. संकेश्वरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी अडकली. डाव्या हाताला शाळेची नवी गुलाबी इमारत दिसत होती, वरच्या खिडक्यांत पोरांची डोकी. त्यानं हॉर्न दाबून धरला, ट्रॅक्टर ओलांडले आणि वेग वाढवला. तेवढ्यात श्रेयसचा फोन आला.

"भीमदादा, तपासणी लावून दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत," श्रेयस म्हणाला. "नुसत्या चुकांच्या लाल ओळी येतायत. थांबतच नाहीत."

भीमरत्न पोचला तेव्हा दहा वाजून गेले होते. रस्त्यापर्यंत चपलांच्या रांगा होत्या. आत तीनचारशे माणसं पांढऱ्या कपड्यांत बसली होती, भंतेजींच्या मागून वंदना म्हणत होती. वरून पावलांचे आणि कपाटं सरकवल्याचे आवाज येत होते. पहिल्या रांगेत, बरोबर मधल्या बीमखाली, शेवंताबाई हात जोडून बसली होती. तिच्या डोक्यावर, नव्या रंगात, बीमच्या पोटाला केसाएवढी एक रेघ होती. ती सकाळपासून होती की आत्ता आली, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

तो मारुतीरावांच्या कानाशी लागला. मारुतीरावांनी ऐकलं, वर बघितलं, पुन्हा त्याच्याकडं बघितलं आणि वंदना तरी होऊ दे म्हणाले. वंदना मधेच तोडणं म्हणजे काय, हे भीमरत्नलाही कळत होतं. लहानपणापासून त्यानं कधी मधे शब्द काढला नव्हता. तो पुढं गेला, भंतेजींना वाकून हात जोडले आणि माईक उचलला.

"ही इमारत मी काढलीय. माझं गणित चुकलंय. मागच्यांनी आधी बाहेर पडायचं, पळायचं नाही. वरच्यांनी पुस्तकं आहेत तिथं ठेवून भिंतीच्या कडेनं उतरायचं."

कुणी हललं नाही. माणसं त्याच्याकडं नुसती बघत राहिली. ज्या पोराचं नाव कोनशिलेवर होतं, ते पोर हे काय बोलतंय? मग शेवंताबाई उठली. तिनं एकदा वर बघितलं, एकदा लेकाकडं, शेजारच्या म्हातारीचा हात धरला आणि भिंतीकडेनं दाराकडं चालू लागली. त्याची आई उठली म्हटल्यावर बाकीचे उठले. सभागृह रिकामं व्हायला सात मिनिटं लागली. भीमरत्न शेवटपर्यंत त्या रेघेखाली उभा होता. ती वाढली नाही. वाढली असती तरी तो हलला नसता.

गुंडू पाहुण्यांतच होता. कुणी न सांगता तो शेजारच्या साईटवरून लोखंडी टेकू घेऊन आला, चार माणसं लावून बीमखाली ओळीनं उभे केले आणि हात झटकत बाहेर आला. "म्या इचारलं व्हतं साहेब," एवढंच बोलला. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

बाहेर रस्त्यावर माणसं पुस्तकं पोटाशी धरून उभी होती. इमारत पडली नव्हती. कुणी म्हणालं, नाटकं आहेत. मारुतीराव तोंड फिरवून उभे राहिले, कोल्हापूरचे पाहुणे गाडीत बसले. भीमरत्न पिंपळाच्या कट्ट्यावर आईशेजारी जाऊन बसला आणि तिला कळेल असं सगळं सांगितलं. मशीन, सहाचे तीन, पिवळं पान. आपण नक्कल केली हेही सांगितलं. शेवंताबाई रडली नाही, बोल लावला नाही. वखारीत जन्म काढलेल्या बाईला एक सडकं पान दिसलं की सगळं पोतं उलगडायची सवय असते.

"त्या मशीनवर आनि किती घरं काढलीस?" तिनं विचारलं.

सकाळपासून त्याच्या डोळ्यांसमोर एकच बीम होता. आता बाकीची कामं एकेक करून समोर यायला लागली. बेळगावातले दोन अपार्टमेंट. एक मंगल कार्यालय. एक दवाखाना. एकूण तेरा, आणि एकाचंही पिवळं पान हातानं केलेलं नाही. आणि संकेश्वरची शाळा, जिच्या खिडक्यांत पोरांची डोकी होती, जिच्यावरून तो दोन तासांपूर्वी हॉर्न वाजवत, वेग वाढवून पुढं आला होता.

"मग हितं का बसलायस?" शेवंताबाई म्हणाली.

त्यानं शाळेचा नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग कुणीतरी, शिपाई असावा, फोन उचलून म्हणाला की मोठ्यानं बोला, काही ऐकू येत नाही, गॅदरिंगची तयारी चाललीय. मुख्याध्यापिका बाई कुठं आहेत, भीमरत्ननं विचारलं. बाई वरच, शिपाई म्हणाला, पाचवी ते सातवीची सगळी पोरं वरच्या हॉलमध्ये लेझीमला घेतलीत. आणि त्याच्या बोलण्यामागून ते ऐकू येत होतं. हलगी, शिट्टी, आणि दोनशे पाय एकाच वेळी आपटल्याचा आवाज. एक दोन तीन चार. एक दोन तीन चार.

"त्यांना खाली उतरवा," भीमरत्न ओरडला. "नाचणं थांबवा आणि सगळ्यांना हळूहळू खाली उतरवा."

"तुम्ही कोण?"

"मी भीमरत्न. तो मजला मी काढलाय."

शिपायानं फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग जिन्याकडं जाणारी त्याची पावलं. भीमरत्न फोन कानाशी धरून उभा राहिला. शेजारी आई त्याच्या तोंडाकडं बघत होती. पलीकडं लेझीम अजून चालूच होती.